संघटकावर घाला : एड्सचा विषाणू आणि आपली प्रतिपिंडे



माझ्यासारख्या युनियनच्या माणसाने ह्या व्यासपीठावर बोनसच्या प्रश्नावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज रक्ताविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. नववीत शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून. म्हणून शिकवण्याच्या अधिकाराने मी येथे उभा नाही. जी गोष्ट समजावयास मला कैक वर्षे लागली, ती आपल्याला तासाभरात समजावी, एवढीच इच्छा आहे.

गोष्ट १९९६ सालची. आमचा एक सभासद युनियनच्या कचेरीत आला. मालमोटार चालवणारा, वय तिशीच्या आतले. मालकाने सर्व ड्रायव्हरांचे रक्त तपासून घेतले होते. कशासाठी, ते कोणालाच सांगितले नव्हते. त्याच्या हाती एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर एवढेच, की एच.आय.व्ही.ची प्रतिपिंडे आढळली. दुसऱ्या दिवसापासून त्याला फाटकाच्या आत घेतले नाही. मी त्याला बसवले, चहा मागवला, धीर दिला. आणि तो गेल्यावर त्याचा पेला वेगळा ठेव म्हणून पोऱ्याला सांगितले. आज हे सांगताना मान खाली जाते, पण सांगितले नाही तर ह्या व्याख्यानाला अर्थ उरणार नाही. त्याची बाजू मी मालकापुढे मांडली खरी. पण ज्याला स्वतःलाच खात्री नाही तो दुसऱ्याला काय पटवणार? आम्ही हरलो. १९९९ च्या पावसाळ्यात तो क्षयाने गेला.

त्या काळात एका सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना मी विचारले होते, "साहेब, प्रतिपिंडे म्हणजे शरीराने रोगाविरुद्ध घडवलेली हत्यारे ना? गोवर होऊन गेलेल्या पोराच्या अंगात ती सापडली तर आपण म्हणतो, आता ह्याला पुन्हा गोवर नाही. मग ह्याच रोगात ती सापडली म्हणजे माणूस संपला, असे का?" डॉक्टर म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. उत्तर लांब आहे." ते लांब उत्तर हाच आजचा विषय.

प्रथम विषाणू म्हणजे काय ते पाहू. जंतू आणि विषाणू ह्यांत आपण सर्रास घोटाळा करतो. क्षयाचा जंतू ही स्वतंत्र पेशी आहे. ती स्वतः खाते आणि स्वतः वाढते. विषाणूला स्वतःचा संसार नाही. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला थोडासा मजकूर, एवढेच त्याचे रूप. एड्सचा विषाणू इतका लहान, की तसे आठ-दहा हजार एका रांगेत मांडावे तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरतो. पेशीच्या बाहेर तो काहीच करू शकत नाही. पेशीत शिरावे, आपला मजकूर तिच्या यंत्रावर चढवावा आणि तिच्याच मालमसाल्याने आपल्या प्रती काढाव्या, हा त्याचा एकमेव उद्योग. म्हणून विषाणूच्या लढाईत पहिला प्रश्न असतो तो दाराचा. तो कोणत्या दाराने आत शिरतो आणि ते दार आपण वेळेवर अडवू शकतो का?

दार अडवण्याचे काम मुख्यतः प्रतिपिंडांचे. १८९० साली बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि किताझातो शिबासाबुरो ह्या जर्मन-जपानी जोडीने दाखवून दिले, की धनुर्वातापासून सुरक्षित केलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात ते विष निकामी करणारे काहीतरी असते. ते काहीतरी म्हणजे प्रतिपिंड. हे एक प्रथिन आहे. त्याचा आकार बेचक्यासारखा, म्हणजे दोन हात आणि एक दांडा. हातांची टोके ज्या वस्तूसाठी घडली असतील तिलाच चिकटतात, दुसरीला नाही. दांडा धरून इतर पेशी त्या वस्तूचा फडशा पाडतात.

ही बेचकी घडवतात 'बी' नावाच्या पांढऱ्या पेशी. पण बी पेशी आपल्या मनाने मोठे उत्पादन सुरू करत नाहीत. शत्रूचा तुकडा सापडला की बी पेशी तो आपल्या अंगावर मांडून दाखवते. मग तिला मंजुरी लागते ती दुसऱ्या एका पांढऱ्या पेशीची, साहाय्यक टी पेशीची. ही साहाय्यक पेशी स्वतः शत्रूला मारण्याचे काम फारसे करत नाही. ती निरोप पोचवते, खात्री करते, कोणी पुढे व्हावे ते ठरवते. बी पेशीला प्रतिपिंडे सुधारावयास लावते, आणि रोगग्रस्त पेशींचा नाश करणाऱ्या टी पेशींनाही बळ पुरवते. आमच्या भाषेत सांगायचे तर ती संघटक आहे. संप कामगार करतात, संघटक नव्हे. पण संघटक उचलला की संप कसा ढासळतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ह्या पेशीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. काखेत किंवा जांघेत अवधाण येते तेव्हा ह्याच सर्व मंडळींची सभा तेथल्या गाठीत भरलेली असते.

आता एक सरळ उदाहरण घेऊ. गोवर हा अंगावरच्या पुरळाचा रोग, असे आपण समजतो. वस्तुतः गोवराचा विषाणू श्वासावाटे आत येतो आणि पहिल्या प्रथम पांढऱ्या पेशींतच शिरतो. त्या पेशींच्या पृष्ठावर सीडी-१५० नावाचे एक प्रथिन असते, तेच त्याचे दार; हे दार जपानी संशोधकांनी २००० साली दाखवून दिले. विषाणूच्या अंगावर एक खुंटी असते. ती ह्या दारात बसली, की शेजारचे दुसरे प्रथिन विषाणूचे वेष्टन आणि पेशीचे आवरण एकत्र जुळवते, आणि मजकूर आत जातो. असे शिरून गोवर आपल्या रोगप्रतिकाराची जुनी दप्तरेच जाळतो. लस न घेतलेल्या मुलांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की गोवर होऊन गेल्यावर इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि मुले दगावली, तेव्हा 'गोवरच तर आहे' असे म्हणणारी माणसे मी पाहिली. गोवर असा हलका नाही.

आणि तरीही गोवरापुढे प्रतिपिंडे जिंकतात. प्रतिपिंड जाऊन त्या खुंटीच्या टोकावरच बसते. मग खुंटी दारात शिरणार कशी? शास्त्रज्ञ ह्याला निष्प्रभ करणे म्हणतात. कधी प्रतिपिंड खुंटी अडवते, कधी आवरणे जुळवणाऱ्या प्रथिनाची हालचाल बंद पाडते, कधी अनेक विषाणूंची मोट बांधते. कसेही असो, विषाणू दाराबाहेरच राहतो. गोवराची अडचण अशी, की खुंटीचा तो भाग बदलला तर ती दारातच बसत नाही. म्हणून त्याला वेश पालटता येत नाही. १९५४ साली बोस्टन येथे जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स ह्यांनी एका आजारी मुलापासून मिळवलेल्या विषाणूचे पुढे दुबळे वाण तयार झाले, १९६३ साली अमेरिकेत लस आली, आणि त्याच घराण्यातली लस आजही जगभरच्या मुलांचे रक्षण करते. इतक्या वर्षांत कुलूप बदलावे लागलेले नाही.

एड्सचा विषाणूही पांढऱ्या पेशींतच शिरतो. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक मोंतान्ये ह्यांनी तो वेगळा काढला. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८४ साली पॅरिस आणि लंडन अशा दोन ठिकाणी त्याचे दार सापडले : सीडी-४. आणि हे सीडी-४ प्रथिन भरपूर असते ते साहाय्यक टी पेशीच्या अंगावर! म्हणजे हा विषाणू नेमका संघटकाच्या दाराशी जातो.

त्याची आत शिरण्याची रीत पायरीपायरीची आहे. विषाणूच्या अंगावर तीन पाकळ्यांच्या खुंट्या असतात. खुंटी प्रथम सीडी-४ ला धरते. धरताच तिचा आकार पालटतो आणि आतापर्यंत झाकलेला एक भाग उघडा पडतो. तो भाग दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटतो; बहुधा सीसीआर-५ ह्या नावाच्या. हे दुसरे दार १९९६ साली उमगले. ज्यांच्यात हे दुसरे प्रथिन जन्मतःच तयार होत नाही, अशा थोड्या लोकांना ह्या विषाणूची लागण क्वचितच होते, हेही त्याच वर्षी दिसून आले. दोन्ही दारे जुळली की खुंटीच्या पोटातला भाल्यासारखा भाग पेशीच्या आवरणात रुततो, दुमडतो, आणि दोन आवरणे एक होतात.

आत गेल्यावर तो आणखी एक काम करतो, जे गोवर करत नाही. त्याचा मजकूर आरएनएच्या लिपीत असतो. तो त्याचे डीएनएत उलट भाषांतर करतो आणि हे भाषांतर पेशीच्या मूळ दप्तरात चिकटवून टाकतो. आता ती पेशी आणि तिच्यापासून होणारी प्रत्येक पेशी विषाणूचा मजकूर घेऊनच जगते. काही पेशी कामाला लागून हजारो विषाणू बाहेर टाकतात आणि मरतात. काही मात्र वर्षानुवर्षे गप्प बसून राहतात. दप्तरात चिकटलेल्या ह्या मजकुरापर्यंत कोणतेही प्रतिपिंड पोचत नाही, कारण प्रतिपिंडाचे राज्य पेशीच्या बाहेर.

निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला ह्या साहाय्यक पेशी ५०० ते १,५०० असतात. औषध न मिळाल्यास त्या वर्षामागून वर्षे घटत जातात. २०० च्या खाली गेल्या, की ज्या जंतूंना एरवी शरीर सहज आवरते तेच जिवावर उठतात. आपल्याकडे त्यांत पहिला मान क्षयाचा. आमचा तो ड्रायव्हर क्षयाने गेला असे मी म्हणालो. पण त्याच्या छातीत क्षयाला रान मोकळे झाले, कारण राखण करणाऱ्यांना जमवणारा कोणी उरला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शरीर प्रतिपिंडे तयार करते. ती चिठ्ठीवर दिसतात. मग ती विषाणूला अडवत का नाहीत?

पहिली गोष्ट, चिकटणे वेगळे आणि निष्प्रभ करणे वेगळे. रक्ततपासणीत जी प्रतिपिंडे दिसतात त्यांतली पुष्कळशी विषाणूच्या पोटातल्या प्रथिनांविरुद्ध असतात. विषाणू फुटला म्हणजे ती प्रथिने बाहेर पडतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवते. पण अखंड विषाणूच्या पोटात ती जाऊ शकत नाहीत. ती शत्रू येऊन गेल्याची साक्ष देतात. त्याला थांबवत नाहीत.

दुसरी गोष्ट, बाहेरच्या खुंटीवर साखरेचे जाड आवरण असते. खुंटीच्या बाहेरच्या प्रथिनाचे जवळजवळ निम्मे वजन ह्या साखरेचे. आणि ही साखर विषाणूने आपल्याच पेशीतून उचललेली, म्हणून शरीराला ती घरचीच वाटते. सीडी-४ ला धरणारी जागा खोल खाचेत; दुसऱ्या दाराची जागा तर क्षणभरच उघडणारी. बेचक्याचे हात तेथवर पोचणे मुष्कील.

तिसरी गोष्ट, खुंट्या थोड्या. इन्फ्लुएंझाच्या विषाणूवर त्या शेकड्यांनी असतात. ह्याच्यावर सरासरीने चौदाच्या आसपास, त्याही दूर दूर. प्रतिपिंड दोन्ही हातांनी दोन खुंट्या धरते तेव्हा त्याची पकड पक्की होते. येथे दुसरा हात बहुधा मोकळाच राहतो.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. उलट भाषांतर करणारे त्याचे विकर फार चुका करते. मजकूर सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचा. सरासरीने दर तीन-चार प्रतींमागे एक चूक. औषध न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात दररोज हजार कोटींच्या घरात नवे विषाणू निर्माण होतात. म्हणजे रोज किती वेश पालटले जात असतील ह्याचा हिशेब आपणच करावा. शरीर काही महिन्यांनी खरोखर अडवणारी प्रतिपिंडे घडवते. पण ती काल फिरत असलेल्या विषाणूसाठी बेतलेली असतात. तोवर वेश पालटलेला विषाणू पुढे गेलेला असतो. आमच्याकडे एका कलमावर आम्ही न्यायालयात जिंकावे, आणि तोवर मालकाने कंपनीचे नावच बदललेले असावे, तसा हा प्रकार.

म्हणून डॉक्टरांच्या लांब उत्तराचे सार असे : त्या चिठ्ठीवरची प्रतिपिंडे ही त्या माणसाच्या शरीराने चालवलेल्या झगड्याची नोंद होती. तो झगडा करत होता. आम्ही ती नोंद गुन्ह्याची समजलो.

पण शरीराची हार सर्वस्वी अटळ आहे, असेही नव्हे. काही थोड्या रुग्णांत, दोन-तीन वर्षे ही पाठशिवणी चालल्यावर, अशी प्रतिपिंडे निर्माण होतात की ती एकाच वेशाला नव्हे तर जगातल्या बहुसंख्य वाणांना अडवतात. बी पेशी पुन्हा पुन्हा सुधारणा करत अशा जागी पोचते, की जी जागा विषाणूला सोडता येत नाही. सीडी-४ ला धरावयाची खाच ही अशी एक जागा. कारण ती बदलली तर त्याचे स्वतःचेच दार बंद होते. २०१० साली प्रसिद्ध झालेले व्हीआरसी-०१ नावाचे प्रतिपिंड ह्याच खाचेत बसते आणि प्रयोगशाळेत सुमारे ९० टक्के वाणांना निष्प्रभ करते. पुढे साडेचार हजारांहून अधिक निरोगी स्वयंसेवकांवर त्याची चाचणी झाली. त्यांना दर आठ आठवड्यांनी शिरेतून एकतर हे प्रतिपिंड किंवा नुसते द्रावण दिले जाई. २०२१ साली निकाल लागला. एकूण लागण काही कमी झाली नाही. पण ज्या वाणांवर ते विशेष प्रभावी होते, त्यांची लागण सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाली. मार्ग बरोबर, पण एकट्या प्रतिपिंडाने भागत नाही, असा त्याचा अर्थ. ज्यांना शरीराच्या हाती आयते असे प्रतिपिंड घडवून द्यावयाचे आहे ते लस शोधणारे अद्याप वाटेवर आहेत.

दरम्यान प्रतिपिंडांना जे साधले नाही ते औषधांनी साधले. औषधे पेशीच्या आत जाऊ शकतात. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची रीत रूढ झाली. एका औषधाला चकवणारी चूक विषाणू करील; पण तिघांना एकाच वेळी चकवणारी चूक होणे जवळजवळ अशक्य. लक्षात घ्या, आमचा सभासद चिठ्ठी घेऊन आला तेच हे वर्ष. औषध जगात आले होते; पण त्याची किंमत वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक होती. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तेच त्रिकूट दिवसाला एका डॉलरहून कमी दराने देऊ केले. हे शक्य झाले, कारण १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधी द्रव्यावर मक्तेदारी दिली नव्हती, केवळ ते बनवण्याच्या रीतीवर दिली होती. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे फुकट देण्यास आरंभ केला. जो १९९९ साली गेला, तो पाच वर्षे तगता तर कदाचित आज येथे श्रोत्यांत बसला असता.

आणखी एक निष्कर्ष आपल्या पुण्याशी निगडित आहे. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात पुण्याच्या तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही वाटा होता. दोघांपैकी एकाला लागण झालेली, दुसऱ्याला नाही. २०११ साली असे दिसले, की लागण झालेल्याला लवकर औषध सुरू केले, तर जोडीदाराला त्याच्याकडून होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांनी तर हे पक्के केले, की औषधाने ज्याच्या रक्तातला विषाणू मोजण्याच्या खाली गेला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. पेल्यातून, ताटातून, हस्तांदोलनातून किंवा डासातून तर ती कधीच होत नव्हती. सीडी-४ चे दार पेल्याच्या कडेला नसते.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली निकाल दिला, की अंगात हा विषाणू आहे एवढ्याच कारणाने, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही. २०१७ साली संसदेने कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. त्याच्या संमतीखेरीज कोणाचे रक्त ह्यासाठी तपासता येत नाही, आणि नोकरीसाठी अशा तपासणीची अट घालता येत नाही. भारतात आज पंचवीस लाखांच्या आसपास माणसे हा विषाणू अंगात वागवून जगत आहेत. त्यांतली पुष्कळशी काम करतात, आपल्या शेजारच्या यंत्रावर, आपल्याच गाडीत. कायदा कागदावर आहे. फाटकावर तो आणण्याचे काम आपले आहे, आणि ते काम ज्याला स्वतःला खात्री आहे त्यालाच जमते.

माझी खात्री उशिरा झाली. आमच्या कचेरीत आता सर्वांचे पेले एकाच बादलीत विसळले जातात. कोणी नवा कार्यकर्ता कोणाचा पेला वेगळा ठेवू लागला, तर मी त्याला रागावत नाही. त्याला समोर बसवतो आणि सीडी-४ ची ही लांब गोष्ट पहिल्यापासून सांगतो.